टॅरंटुलाचं पिल्लू आणि आर्वीचा उन्हाळा

टॅरंटुला कोळ्याचं पिल्लू पहिल्यांदा घरी आणणाऱ्याला आठवड्याभरात एकच काळजी लागते, पिल्लू खात नाही. डबीत सोडलेला किडा तसाच फिरत राहतो, पिल्लू कोपऱ्यात पाय आखडून बसतं, आणि उपाशीपोटी हे आता जाणार असं वाटू लागतं. पाय पसरून जेमतेम 10 ते 15 मिलिमीटर भरणारा जीव तो, किती दिवस तग धरणार? मग माणूस आणखी किडे टाकतो, डबीची जागा बदलतो, काडीने पिल्लाला हलवून बघतो. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीत मे महिन्यात माझ्याकडे हीच तक्रार आली तेव्हा मी आधी विचारलं, पाणी कुठे ठेवलंय? पाणी ठेवलेलंच नव्हतं. कोळ्याला लागणारं पाणी त्याला किड्यातूनच मिळतं, असा त्या घरातल्या मुलाचा समज होता. पुष्कळांचा असतो. मोठ्या, धष्टपुष्ट कोळ्याच्या बाबतीत काही दिवस तो चालूनही जातो. पिल्लाच्या बाबतीत, आणि त्यातही विदर्भाच्या उन्हाळ्यात, तो जिवावर बेततो.

या पिल्लाला भुकेपेक्षा तहान लवकर मारते. ‘खात नाही’ या तक्रारीकडे त्या बाजूने बघितलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

भुकेचं आधी सांगतो. टॅरंटुलाची मादी रेशमाची पिशवी विणून तिच्यात अंडी घालते. जातीनुसार ती काही डझन असतात, काही जातींत हजारापर्यंत जातात. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू सुरुवातीला काहीच खात नाही. पोटातल्या बलकाच्या शिदोरीवर ते एकदोन वेळा कात टाकतं आणि मगच पिशवीबाहेर पडून शिकारीला लागतं. म्हणजे न खाता वाढणं हे त्याच्या आयुष्याच्या पहिल्या पानावरच लिहिलेलं आहे. पुढेही त्याच्या शरीराचा खर्च फार थोडा असतो. सस्तन प्राण्यांप्रमाणे अंग गरम ठेवायला त्याला अन्न जाळावं लागत नाही. बहुतेक वेळ ते बिळाच्या तोंडाशी निश्चल बसलेलं असतं. पोट भरलेलं पिल्लू दोनतीन आठवडे सहज काढतं, आणि मोठी मादी तर महिनोन्‌महिने अन्नाला तोंड न लावता धडधाकट राहते.

पाण्याचं मात्र तसं नाही. लहान शरीराचं आकारमान कमी आणि त्या मानाने पृष्ठभाग जास्त, त्यामुळे ओलावा झपाट्याने उडतो. पिल्लाच्या कातडीवरचा पाणी अडवणारा मेणकट थरही मोठ्या कोळ्याइतका भक्कम नसतो. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो, कधी त्याच्याही पुढे. दुपारच्या कोरड्या वाऱ्यात दोरीवरचे कपडे पाहता पाहता वाळतात. त्या हवेत भोकं पाडलेली प्लॅस्टिकची डबी आणि तिच्यात खडखडीत माती असेल, तर पिल्लू दोन दिवसांत सुकू शकतं.

आणि सुकलेलं पिल्लू खाऊ शकत नाही. कोळ्याच्या पायांत सांधा मिटवणारे स्नायू आहेत, पण मधल्या दोन मुख्य सांध्यांत तो उघडणारे स्नायूच नाहीत. पाय सरळ होतो तो शरीरातल्या द्रवाच्या दाबाने. ट्रॅक्टरची ट्रॉली तेलाच्या दाबावर उचलली जाते, तसाच हा प्रकार. शरीरातलं पाणी कमी झालं की दाब पडतो आणि पाय हळूहळू पोटाखाली वळू लागतात. मेलेल्या कोळ्याचे पाय मुठीसारखे आवळलेले दिसतात, ते याच कारणाने. अशा अवस्थेत समोर आलेल्या किड्यावर झडप घालणं शक्यच नसतं. म्हणून पिल्लू खात नसेल तर आधी त्याचे पाय बघावेत, मग पोट. पाय बाजूला पसरलेले असतील आणि पोट गोल असेल, तर घाबरण्यासारखं काही नाही. पाय आत वळत असतील आणि पोटाला सुरकुती पडली असेल, तर त्या क्षणी किडे बाजूला ठेवून पाण्याच्या मागे लागायचं.

जेवणाच्या रीतीतही पाणी आहेच. कोळी घास चावून गिळत नाही. विषदंतांनी भक्ष्य पकडायचं, विषाने गार करायचं, मग आतड्यातला पाचक रस त्याच्यावर ओतायचा, जबड्यांनी मळत राहायचं आणि तयार झालेला पातळ रस शोषून घ्यायचा. तोंडाशी दाट केसांची गाळणी असते, बारीकसा कणही तिच्यातून आत जात नाही. आत पंपासारखं काम करणारं जठर असतं. जेवण संपलं की किड्याच्या टरफलांची एक लहान गोळी उरते, ती पिल्लू कडेला टाकून देतं. सकाळी डबीत अशी गोळी दिसली तर रात्री जेवण झालं म्हणायचं, प्रत्यक्ष खाताना दिसलं नाही तरी. भक्ष्यावर ओतायला रस लागतो, आणि रसाला पाणी लागतं.

त्यामुळे पहिली व्यवस्था पाण्याची. औषधाच्या बाटलीचं उथळ झाकण पाण्याने भरून ठेवावं. पिल्लू फारच लहान असेल तर डबीच्या एका भिंतीवर दोनचार थेंब सोडावेत आणि तिथलीच माती ओलसर ठेवावी. सगळी डबी भिजवू नये. एक बाजू ओली, एक कोरडी, म्हणजे पिल्लू आपल्याला हवी ती जागा निवडतं. त्याच्या अंगावर पाणी फवारायचं नाही, त्याने ते बिथरतं.

मातीच्या बाबतीत आर्वीकरांना एक सावधगिरी सांगायला हवी. आपली काळी माती कपाशीला चांगली, या डबीला वाईट. ती भिजली की फुगते, वाळली की तिला चिरा पडतात, आणि चिरेत किंवा ढासळलेल्या बिळात पिल्लू अडकतं. शिवाय शेतातल्या मातीत कोणत्या फवारणीचा अंश उरला आहे, हे डोळ्यांनी कळत नाही. रोपवाटिकेत मिळणारा नारळाच्या काथ्याचा भुसा, खत न मिसळलेला, पाण्यात भिजवून घट्ट पिळला की उत्तम बिछाना होतो. डबीत तो निम्म्याच्या वर भरावा, हलका दाबावा आणि काडीने तिरकं भोक पाडून द्यावं. जमिनीत राहणाऱ्या जातीचं पिल्लू ते भोक पुढे स्वतः खणतं. झाडावर राहणाऱ्या जातीला उभी डबी आणि टेकायला सालीचा तुकडा लागतो.

डबी लहानच असावी. मोठ्या काचपेटीत पिल्लाला मोकळं वाटेल, ही आपली कल्पना आहे. पिल्लाला आठ डोळे असले तरी त्याला फारसं दिसत नाही. पायांवरचे बारीक केस हवेची झुळूक टिपतात, सांध्यांजवळच्या सूक्ष्म चिरा जमिनीतली थरथर टिपतात, आणि त्याच्या जगाची हद्द त्या थरथरीइतकीच असते. मोठ्या पेटीत सोडलेला किडा एका टोकाला आणि पिल्लू दुसऱ्या टोकाला राहतं, दोघांची गाठच पडत नाही. याच कारणाने नव्या घरी आलेलं पिल्लू पहिले काही दिवस जेवत नाही. प्रवासात ते हादरलेलं असतं, जमीन अनोळखी असते, आपलं जाळं अजून अंथरलेलं नसतं. जाळं अंथरल्याशिवाय त्याला किड्याची चाहूल धड लागत नाही. चारपाच दिवस डबी अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात ठेवावी, फ्रिजवर किंवा कूलरच्या स्टँडवर नको, तिथे सतत थरथर असते. कुणाला दाखवायला झाकण उघडू नये. बिळाच्या तोंडाशी रेशमाचे धागे दिसायला लागले की पिल्लू स्थिरावलं.

उन्हाळ्यात कूलरचा उपयोग होतो, पण तो खोलीसाठी. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी गार, दमट हवा खोलीभर पसरली तर पिल्लाला चांगलीच. तोच झोत थेट डबीवर आला तर वारा ओलावा उडवून नेतो. साधारण 24 ते 28 अंशांत ही पिल्लं सुखाने वाढतात. आर्वीच्या घरात जमिनीलगतचा, बाहेरच्या भिंतीपासून दूरचा कोपरा सगळ्यात थंड असतो. डबी तिथे ठेवावी, शेजारी पाण्याचा माठ असेल तर उत्तम. गच्चीखालच्या खोलीत मात्र अजिबात नको. हिवाळ्यात उलट होतं. रात्रीचा गारठा वाढला की पिल्लाचं सगळं शरीर मंदावतं आणि भूकही. त्यावर बल्ब लावणं हा उपाय नव्हे, बल्ब पिल्लाला वाळवतो. ते कमी खाईल, एवढं मान्य करायचं.

आता उपवासाचं सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात निरोगी कारण, कात टाकणं. पिल्लू वाढतं ते कात टाकूनच, आणि त्याआधी काही दिवस, कधी दोनतीन आठवडे, ते अन्न नाकारतं. पोट फुगून तुकतुकीत होतं, त्याचा रंग गडद होतो, हालचाल थंडावते. कित्येकदा बिळाचं तोंड आतून मातीने बुजवून घेतं. पिल्लू गाडलं गेलं म्हणून पाळणारा खणायला जातो, ते करू नये. या काळात जुन्या कवचाच्या आत नवं कवच तयार होत असतं. आणि हे कवच फक्त बाहेरचं नसतं. विषदंत बदलतात, घशाचं आणि शोषून घेणाऱ्या जठराचं अस्तरही बदलतं. ज्या नळीतून अन्न जायचं तीच नवी होत असताना ते जेवणार कसं?

कात टाकताना पिल्लू बहुधा पाठीवर उलटं पडतं. मेलं म्हणून फेकून दिलेल्या पिल्लांबद्दल मी ऐकून आहे. त्या वेळी त्याला हात लावायचा नाही. इथेही पाण्याचाच कारभार चालतो. पोटातला द्रव पुढच्या भागात ढकलला जातो, दाब वाढतो, पाठीवरचं कवच कडेने फुटतं आणि पिल्लू एकेक पाय जुन्या खोळीतून ओढून काढतं. शरीरात पाणी पुरेसं नसेल तर ते अर्ध्यात अडकतं, आणि अडकलेलं बहुधा वाचत नाही. कात पडल्यावर विषदंत पांढरे आणि मऊ असतात, मग तांबूस होतात, मग काळे. काळे होईपर्यंत, लहान पिल्लात साधारण आठवडाभर, खायला द्यायचं नाही. त्या मऊ अवस्थेत डबीत जिवंत रातकिडा राहिला तर तोच पिल्लाला कुरतडून मारतो.

पाणी आहे, डबी ठीक आहे, कातही नुकती पडलेली नाही, तरी पिल्लू खात नाही, अशा वेळी बहुतेकदा भक्ष्य मोठं असतं. टॅरंटुला पक्षी खातो, ही गोष्ट लोकांच्या मनात पक्की बसली आहे. मारिया सिबिला मेरियन या चित्रकार बाईंनी सुरिनाममधल्या कीटकांवरच्या 1705 सालच्या आपल्या ग्रंथात पेरूच्या फांदीवर पक्षी खाणारा कोळी रंगवला, आणि तेव्हापासून ती प्रतिमा पुसली गेली नाही. पिल्लाचा हिशेब वेगळा आहे. किडा त्याच्या पोटापेक्षा मोठा नको. मोठा किडा दिसला की ते पुढचे पाय उचलतं किंवा पळून बिळात शिरतं, आणि ते योग्यच करतं.

सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे मेलेलं भक्ष्य. पिल्लं आयतं मिळालेलं मांसही खातात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. रातकिड्याची मागची जाड तंगडी तोडून किंवा अळीचे लहान तुकडे करून, ओला भाग वर येईल असा एक तुकडा संध्याकाळी जाळ्याच्या कडेला ठेवावा आणि दिवा मालवून निघून जावं. सकाळी तुकडा तसाच असेल तर काढून टाकावा, नाहीतर बुरशी आणि बारीक गोचिड्या येतात. दोनतीन दिवसांनी पुन्हा नवा ठेवावा. पिल्लू खायला लागलं की आठवड्यातून एकदोन वेळा पुरे.

आर्वीसारख्या गावात पाळीव कोळ्यांचं खाद्य विकणारं दुकान नसतं, पण त्यावाचून अडत नाही. संत्र्याचा हा मुलूख. पिकलेल्या संत्र्याची फोड बरणीत टाकून तोंडाला कागदाचं नरसाळं लावलं की दोन दिवसांत चिलटं जमतात. अगदी लहान पिल्लाला चिलट हे नेमकं मापाचं खाणं. बरणी मिनिट-दोन मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली की चिलटं सुस्तावतात आणि डबीत सोडता येतात. जुन्या पिठात होणाऱ्या बारीक अळ्या चालतात. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती येणारी पंखांची वाळवी, आपल्याकडे उधई म्हणतात ती, मऊ आणि रसाळ असते. बहुतेक पिल्लं ती सोडत नाहीत.

किडा कुठला, हे मात्र डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. आपण कापूसपट्ट्यात राहतो. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. जे औषध धडधाकट माणसाला आडवं करतं, त्याचा अंश अंगावर घेऊन फिरणारा नाकतोडा 10 मिलिमीटरच्या पिल्लाचं काय करील, हे वेगळं सांगायला नको. कपाशीच्या, तुरीच्या, सोयाबीनच्या शेतातून पकडलेला किडा पिल्लाला कधीही घालू नये. संत्रंसुद्धा साल काढून, फोडच वापरावी. घरातही तीच गत. झुरळं मारायचा खडू, डासांची प्लगमधली द्रवऔषधं, उदबत्तीसारखी कॉइल, या सगळ्यांत कीटकांवर चालणारी विषं असतात आणि ती कोळ्यांनाही लागू पडतात. पावसाळ्यात गल्लीतून धूरफवारणीची गाडी येते तेव्हा पिल्लाच्या खोलीची खिडकी बंद करावी. पिल्लू अडखळत, झटके देत चालू लागलं आणि खाईना, तर पहिला संशय याच विषाचा घ्यावा.

पिल्लू आलं कुठून, हा प्रश्नही त्याच्या जेवणाइतकाच गंभीर आहे. जुलै 2021 मध्ये चेन्नईत सीमाशुल्क विभागाने पोलंडहून आलेलं एक टपालाचं पार्सल उघडलं. आत चंदेरी कागदात आणि कापसात गुंडाळलेल्या 107 छोट्या प्लॅस्टिकच्या कुप्या होत्या आणि प्रत्येकीत एक जिवंत कोळी. त्यांत मेक्सिकोकडच्या ब्रॅकीपेल्मा वंशाचेही होते. या वंशाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचं नियंत्रण आहे. आयातीचा परवाना नव्हता, सगळे कोळी परत पोलंडला पाठवायचा निर्णय झाला. कुपीत बंद होऊन इतका प्रवास केलेलं पिल्लू पोहोचल्यावर खात नाही, यात नवल नाही, पाण्याविना दिवस गेलेले असतात.

आता कायदा अधिक स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातली 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि साइट्सच्या यादीतल्या प्रजातींसाठी चौथी अनुसूची आली. 2024 च्या नियमांनुसार असे प्राणी बाळगणाऱ्याने ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करायची असते. विकणारा कागद दाखवत नसेल तर पिल्लू घेऊ नये, ते कितीही देखणं असो.

रानातून उचलून आणणं तर नकोच. आपल्या देशात टॅरंटुलाच्या कितीतरी जाती आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच अगदी छोट्या टापूत राहतात. ब्रिटिश म्युझियमच्या रेजिनाल्ड पोकॉक यांनी 1899 साली माथेरानच्या नमुन्यावरून एक जात नोंदवली. त्याच वर्षी त्यांनी आंध्रातल्या गुत्ती इथे सापडलेल्या झळाळत्या निळ्या कोळ्याचं वर्णन केलं. त्याचं खरं घर नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधलं विरळ होत चाललेलं जंगल. हा निळा कोळी आज जगभरच्या पाळणाऱ्यांच्या काचपेट्यांत दिसतो, आणि रानात तो अतिसंकटग्रस्त आहे. मुंबईच्या आरे वसाहतीतून झीशान मिर्झा आणि राजेश सानप यांनी 2014 साली नवी जात जगापुढे आणली आणि तिला आरेचंच नाव दिलं. इतक्या मोठ्या शहराच्या कुशीतली ही जात तोवर विज्ञानाला ठाऊक नव्हती, याचं मला आजही अप्रूप वाटतं. निळ्या कोळ्याच्या वंशातली मादी झाडाच्या ढोलीत राहते आणि पिल्लं काही काळ तिच्याच ढोलीत एकत्र वाढतात. तिथे त्यांना कुणी तंगडी तोडून देत नाही. ढोलीत दमटपणा असतो, अंधार असतो, आणि खायचं की थांबायचं हे पिल्लू स्वतः ठरवतं. घरच्या डबीत आपण जे करतो ते या ढोलीची नक्कल करण्यापुरतंच.

ही नक्कल किती वर्षं करावी लागेल, याचाही विचार आणण्याआधी व्हायला हवा. नर मोठे झाल्यावर लवकर मरतात. कित्येक जातींच्या माद्या 20 वर्षांहून जास्त जगतात. टॅरंटुलाचीच लांबची नातलग असलेली एक बीळवासी मादी ऑस्ट्रेलियात संशोधकांच्या नोंदीत 43 वर्षं जगली, आणि 2016 साली तिचा अंत झाला तोही म्हातारपणाने नव्हे, एका परजीवी गांधीलमाशीमुळे. बारावीतल्या मुलाने आज आणलेलं पिल्लू मादी निघालं, तर तो शिकायला नागपूर-पुण्याला जाईल, नोकरीला लागेल, त्याचं लग्न होईल, आणि कोळी आर्वीतच असेल. त्या सगळ्या उन्हाळ्यांत पाण्याचं झाकण कोण भरणार, हे घरातल्यांशी बोलून पिल्लू आणण्याआधीच ठरवावं लागतं.